दप्तर, कादंबरी आणि पडदा

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारी जुनी वाट नवापूर आणि नंदुरबार या गांवांवरून जाते. सतराव्या शतकांत टॅव्हर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेनें गेला, आणि मुक्कामांची यादी देतांना त्यानें या दोन्ही गांवांचीं नांवें आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविलीं. नवापूरच्या तांदुळास कस्तुरीसारखा सुवास येतो, हेंहि नमूद करण्यास तो विसरला नाहीं. पुढें १७२७ च्या अखेरीस थोरल्या बाजीरावाचें घोडदळ निजामास हुलकावणी देत खानदेशांतून गुजराथेंत उतरलें. आणि १७७९ मध्यें इंग्रज सेनापति गॉडर्ड बऱ्हाणपूर सोडल्यापासून अवघ्या वीस दिवसांत सुरतेस पोहोंचला. वाटेवरच्या माणसांनीं इतिहास पाहिला तो असा: धूळ उडवीत आला आणि धूळ उडवीत गेला. कोणाच्या मनांत काय चाललें होतें हें सांगण्यास तो कधीं थांबला नाहीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र तोच इतिहास निराळ्या वाटेनें घरोघर शिरला. पेशवे, सरदार, शास्त्री, राजस्त्रिया ही सर्व मंडळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली आणि माजघरांत बसलेल्या कुटुंबाशीं जणूं बोलूं लागली. आज थोरल्या माधवरावांचें नांव काढलें, तर पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो रवींद्र मंकणी या नटाचा चेहरा. आणि रमाबाईंचें नांव काढलें, कीं मृणाल देव यांचा. हीं दोन्ही मुखें ‘स्वामी’ या मालिकेनें महाराष्ट्रास दिलीं. परंतु दप्तरांतील माधवराव, कादंबरींतील माधवराव आणि पडद्यावरील माधवराव हे तीन निरनिराळे पुरुष आहेत. ते एकमेकांचे निकटचे आप्त खरे. पण आप्त झाले म्हणून ते एकच नव्हेत. या तिघांची ओळख वेगवेगळी करून घेतली, म्हणजे ऐतिहासिक कादंबरी पडद्यावर येते तेव्हां इतिहासाचें काय होतें, हें नीट उमगतें.

प्रथम दप्तरांतील माधवराव पाहूं. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्याच वर्षीं २३ जून रोजीं नानासाहेब पेशवे निवर्तले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. माथ्यावर कर्ज, सरदारांत फूट, शेजारीं निजाम, दक्षिणेस हैदर आणि घरांत महत्त्वाकांक्षी चुलता, असा तो वारसा होता. १७६२ मध्यें आळेगांव येथें राघोबादादांपुढें या तरुण पेशव्यानें माघार घेतली व आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षीं, १० ऑगस्ट १७६३ रोजीं, राक्षसभुवनच्या लढाईंत निजामाचा पराभव झाला आणि माधवरावांचा अधिकार सर्वांच्या प्रत्ययास आला. १७६८ मध्यें धोडप येथें राघोबादादांचें बंड मोडून त्यांस शनिवारवाड्यांत अटकेंत ठेवावें लागलें. १७७२ च्या आरंभीं मराठ्यांच्या आश्रयानें बादशहा शाहआलम दिल्लीस परतला, आणि त्याच वर्षीं १८ नोव्हेंबर रोजीं राजयक्ष्म्यानें थेऊर येथें माधवरावांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांस अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकारानें हा अकालमृत्यु मराठी राज्यास पानिपतच्या रणाइतकाच घातक मानला आहे.

ही हकीकत ज्या कागदांवरून सिद्ध होते, त्या कागदांची कथाहि खानदेशाशीं निगडित आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गांवोगांव पायपीट करून, वाड्यांचे माळे व देवळांच्या ओवऱ्या धुंडाळून त्यांनीं जुनीं पत्रें गोळा केलीं. त्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें पडला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं स्थापन झालें. नंदुरबारचा प्रदेश तेव्हां याच जिल्ह्यांत होता; १ जुलै १९९८ रोजीं तो धुळ्यापासून वेगळा निघून स्वतंत्र जिल्हा झाला. इकडे पुण्यास गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांतच पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. अशा रीतीनें पेशवाईचा इतिहास दंतकथेच्या हातून सुटून कागदाच्या पायावर उभा राहिला.

परंतु कागद कांहीं गोष्टी बोलतो आणि कांहीं बोलत नाहीं. फौज कोठें उतरली, किती रुपये येणें राहिले, तहांत कोणते महाल सुटले, श्रीमंतांची प्रकृति कशी आहे, हें पत्रांतून कळतें. चुलत्यास अटकेंत घालून परतलेला पुतण्या त्या रात्रीं जेवला कीं नाहीं, हें कळत नाहीं. आई गोपिकाबाई पुणें सोडून नाशिकजवळ गंगापूर येथें राहिल्या, ही घटना ठाऊक आहे. निरोपाच्या वेळीं मायलेकांत काय झालें, तें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. रमाबाईंविषयीं तर कागद फारच अबोल आहेत. लिहिणारे कारकून होते, वाचणारे मुत्सद्दी होते. अंतःपुरांतील सुखदुःख टिपून ठेवणें हें कोणाचेंच काम नव्हतें.

कादंबरीकार शिरतो तो याच मोकळ्या जागेंत. कोल्हापूर जिल्ह्यांतील कोवाड गांवचे रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ मध्यें, म्हणजे पानिपतला दोनशें वर्षें पूर्ण झालीं त्याच्या पुढच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाली. १९६४ मध्यें तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’ व ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्यांनीं मराठी वाचकास गडकिल्ल्यांच्या साहसाची गोडी लाविली होती. देसाई यांनीं वाचकास वाड्याच्या आंत नेलें. त्यांचा माधवराव लढाई जिंकून येतो खरा, पण त्याची खरी झुंज चुलत्याच्या लोभाशीं, स्वतःच्या कठोर कर्तव्यबुद्धीशीं आणि शेवटीं देहांतील रोगाशीं आहे. नायक अल्पायुषी आहे हें वाचकास पहिल्या पानापासून ठाऊक असतें. म्हणून पतिपत्नींच्या प्रत्येक भेटीवर वियोगाची छाया पडलेली असते. ही करुणा देसाई यांची आहे, दप्तराची नव्हे. परंतु दप्तरानें घालून दिलेल्या चौकटींतच ती वावरते, हा त्या कादंबरीचा गुण होय.

या कादंबरीस पडद्यावर आणण्याचें कार्य १९८० नंतरच्या दशकांत गजानन जागीरदार यांनीं केलें. या निवडींत एक विलक्षण योग होता. १९४४ मध्यें प्रभात चित्रसंस्थेचा ‘रामशास्त्री’ हा बोलपट निघाला, त्यांत रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका याच जागीरदारांनीं केली होती व दिग्दर्शनाची धुराहि वाहिली होती. ज्या न्यायाधीशानें माधवरावांस निर्भयपणें चार शब्द सुनावले, त्याचा वेष एकेकाळीं चढविलेला नट चाळीस वर्षांनंतर माधवरावांचीच कथा सांगावयास बसला. बोलपटाच्या कथेचा रोख १७७३ मधील नारायणरावांच्या खुनाकडे होता. राजसत्तेस जाब विचारणारा न्याय हा तिचा विषय. मालिकेचा विषय त्याहून अधिक घरगुती होता. काळ तोच, वाडा तोच, दिग्दर्शकहि तोच. पण एका कथेंत न्यायाधीश उंच दिसतो आणि दुसरींत पति. कथेचा मध्यबिंदु हलविला, कीं इतिहासाचा अर्थहि हलतो, हें या एका उदाहरणानेंच ध्यानांत यावें.

यांत साधनाचाहि भाग आहे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. घरांतला पडदा लहान. त्यावर दहा हजार स्वार दाखविले तर मुंग्यांची रांग दिसते, पण एक चेहरा दाखविला तर पापणीची हालचालसुद्धां कळते. त्यांतून मालिका पाहणारें कुटुंब एकत्र बसलेलें असतें: आजी, सून, शाळकरी मुलें. अशा श्रोतृवर्गास राक्षसभुवनच्या व्यूहापेक्षां सासू, सून, पुतण्या आणि चुलता यांचीं नातीं चटकन समजतात. म्हणून लहान पडद्यावरील इतिहास स्वभावतःच गृहकथेकडे झुकतो. यांत लाभ आहे, तशी हानिहि आहे. माधवरावांचें मोठेपण हें पुष्कळ अंशीं हिशेब, न्याय आणि शिस्त यांच्या रोजच्या कारभारांत होतें. स्नानसंध्येंत रमलेल्या पेशव्यास रामशास्त्र्यांनीं राज्य तरी करावें नाहीं तर काशीस जावें असें बजाविलें, ही आख्यायिका ग्रँट डफनेंहि सांगितली आहे. ती पडद्यावर शोभून दिसते. पण तो बोल ऐकल्यावर त्या तरुणानें वर्षानुवर्षें जे कागद उलगडून पाहिले, ते पाहण्यास प्रेक्षक बसणार नाहीं.

दुसरी हानि अधिक सूक्ष्म आहे. पुस्तक वाचतांना वाचक शंका घेऊं शकतो. मागचें पान उलटून पाहूं शकतो. चित्र पाहतांना तो अवकाश नसतो. आनंदीबाईंनीं ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. इतिहासकार तिला पुरावा मानीत नाहींत. नाटकांतून व चित्रांतून अशी गोष्ट एकदां डोळ्यांपुढें घडली, कीं तिला खोडून काढणें दहा संशोधकांसहि जड जातें. डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें असूं शकतें, यावर मनाचा विश्वास बसत नाहीं.

हा प्रश्न केवळ मराठी मुलखाचा नव्हे. जेम्स क्लॅव्हेल या लेखकाची ‘शोगुन’ ही कादंबरी १९७५ मध्यें निघाली. क्लॅव्हेल दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांच्या कैदेंत सिंगापूरच्या चांगी छावणींत होता, आणि पुढें त्यानें त्याच राष्ट्राच्या जुन्या सरंजामी काळावर ही प्रचंड कथा रचिली. १५९८ मध्यें हिदेयोशी हा सत्ताधीश वारला. गादीवर बालक आणि भोंवतीं पांच कारभारी अशी जपानची स्थिति झाली. पेशवाईंतील बारभाईंच्या कारभाराची माहिती असलेल्या मराठी वाचकास ती सहज कळेल. याच वेळीं, १६०० मध्यें, विल्यम ॲडम्स हा इंग्रज नावाडी डच जहाजांतून जपानच्या किनाऱ्यास लागला. कादंबरींत त्याचा ब्लॅकथॉर्न झाला, आणि पुढें सर्वसत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूचा तोरानागा झाला. नांवें बदलून लेखकानें स्वतःस मोकळीक घेतली. देसाई यांनीं खरीं नांवें ठेवून ती मोकळीक नाकारली, हा दोन्ही कादंबऱ्यांतील महत्त्वाचा भेद होय.

या ‘शोगुन’चें चित्रण दोन वेळां झालें. १९८० मध्यें अमेरिकेंत एन.बी.सी. वाहिनीनें ती पांच रात्रींत दाखविली. रिचर्ड चेंबरलेन हा ब्लॅकथॉर्न व तोशिरो मिफुने हा तोरानागा होता. त्या वेळीं जपानी पात्रांचीं बहुतेक संभाषणें भाषांतर न देतां तशींच ठेविलीं होतीं. इंग्रज नावाड्यास जें कळत नाहीं तें प्रेक्षकासहि कळूं नये, असा त्यांत हेतु होता. जपान तेथें दिसतो तो परक्याच्या डोळ्यांनीं. २०२४ मध्यें तीच कादंबरी दहा भागांत पुन्हां पडद्यावर आली. तोरानागा झालेला हिरोयुकी सानादा निर्मात्यांपैकींहि एक होता; बहुतेक संभाषण जपानी भाषेंतच असून त्याखालीं भाषांतर दिलें होतें. आतां प्रेक्षकास जपानी मनाचा व्यवहार आंतून कळूं लागला आणि इंग्रज नावाडीच परका दिसूं लागला. या मालिकेच्या पहिल्या पर्वास अठरा एमी पारितोषिकें मिळालीं. कादंबरी एकच, पण चव्वेचाळीस वर्षांत डोळा बदलला, जिव्हा बदलली, आणि त्याबरोबर कथेचें सत्यहि बदललें.

आपल्याकडेहि असा पालट झालेला आहे. २०१९ मध्यें कलर्स मराठी वाहिनीवर ‘स्वामिनी’ नांवाची मालिका सुरू झाली. ती देसाई यांच्या कादंबरीची आवृत्ति नव्हे. परंतु त्याच वाड्यांत ती एका लहान मुलीच्या डोळ्यांनीं शिरते. बालवयांत पेशव्यांच्या घरीं आलेली रमा आणि करारी सासू गोपिकाबाई या तिच्या केंद्रस्थानीं आहेत. नांवांतील एका स्त्रीप्रत्ययानें कथेचें सिंहासन हललें. ज्या व्यक्तीविषयीं दप्तर अबोल, तिच्याच मुखीं आतां कथा आली. अर्थात् येथें कल्पनेचा भाग अधिक वाढला. कारण जितका कागद थोडा, तितकें शाईस रान मोकळें.

आणि या रमाबाईंच्या कथेचा शेवट हाच सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्या थेऊर येथें पतीबरोबर सती गेल्या. त्यांचें वृंदावन तेथें आहे. ‘स्वामी’ कादंबरीहि त्याच प्रसंगाशीं थांबते. वाचकाचे डोळे तेथें भरून येतात, हें लेखकाचें सामर्थ्य होय. पण ती मालिका निघाली त्याच दशकांत, ४ सप्टेंबर १९८७ रोजीं, राजस्थानांतील देवराळा गांवीं अठरा वर्षांची एक विधवा पतीच्या चितेवर जळाली, आणि तिच्या नांवानें तेथें उत्सव झाला. त्यानंतर केंद्र सरकारनें नवा कायदा केला आणि सतीचें उदात्तीकरण करणें हाहि गुन्हा ठरविला. जी गोष्ट कादंबरींत प्रेमाची परिसीमा म्हणून येते, तीच गांवांत घडते तेव्हां एका मुलीचा मृत्यु असते. यावरून कादंबरी दोषी ठरत नाहीं. रमाबाई सती गेल्या हें सत्य आहे, आणि सत्य गाळणें हा उपाय नव्हे. परंतु तें सत्य कोणत्या स्वरांत सांगावें, ज्वाळांवर संगीत चढवावें कीं त्या अडीचशें वर्षांपूर्वींच्या तरुण स्त्रीपुढें दुसरी कोणती वाट समाजानें मोकळी ठेविली होती असें विचारावें, याची निवड मात्र सांगणाऱ्याची असते. त्या निवडीचें उत्तरदायित्व अठराव्या शतकावर टाकतां येत नाहीं.

आतां पुन्हां त्या सुरत-बऱ्हाणपूरच्या वाटेवर यावें. १७५२ मध्यें भालकीच्या तहानें खानदेशांतील निजामाच्या मुलखाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला. पुण्याच्या वाड्यांत जे बेत ठरत, त्यांचे घोडे पोसण्याचा भार या प्रदेशासहि वाहावा लागे. तरी पेशवाईच्या कथेंत खानदेश येतो तो बहुधा एका वाक्यापुरता: अमुक ठिकाणाहून कूच करून अमुक ठिकाणीं गेले. आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें, शेंकडा सुमारें ६९ लोक आदिवासी आहेत. भिल्लांच्या बोली, पावरी, मावची, अहिराणी या भाषा तेथें घराघरांत चालतात. अशा घरीं पेशव्यांची दरबारी मराठी ऐकूं येते, तेव्हां ती आपलीहि असते आणि कांहींशी दूरचीहि असते. ‘शोगुन’च्या पहिल्या चित्रणांत जपानी माणूस जसा कथेंत असूनहि मुका राहिला, तसाच या वाटेवरचा माणूस पेशवाईच्या कथेंत असूनहि अद्याप मुका आहे. त्याच्या गांवावरून फौजा गेल्या. त्यांच्या घोड्यांस चारा कोणाच्या शेतांतून गेला, तें पडद्यानें अजून विचारलें नाहीं.

यासाठीं पडद्यावर रागावण्याचें कारण नाहीं. ‘स्वामी’ पाहून कित्येक घरांत प्रथमच माधवरावांविषयीं जिव्हाळा उत्पन्न झाला, आणि जिव्हाळ्यावांचून कोणी दप्तर उघडीत नाहीं. मालिका ही दिंडी आहे, कादंबरी हा चौक आहे, आणि कागद हें देवघर आहे. दिंडींतून आंत येऊन तेथेंच बसून राहणारा पाहुणा घर पाहिल्याचें सांगूं शकत नाहीं. पडद्यावर इतिहास सुरू झाला, म्हणजे घरांतील मोठ्यांनीं मुलांस तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी: हें कोणाच्या डोळ्यांनीं दिसतें आहे? हें कोणाच्या भाषेंत बोललें जात आहे? आणि यांतील कोणती गोष्ट कागदावर आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पडद्यासमोर बसूनच मिळतील. तिसऱ्याचें उत्तर मिळविण्यासाठीं नंदुरबारकरांस फार दूर जावें लागत नाहीं; राजवाड्यांनीं खांद्यावरून वाहून आणलेले कागद शेजारच्या धुळ्यांत जपून ठेविलेले आहेत.